बसलेली बाई

परभणीकडून पुण्यात आल्यावर कौशल्याबाईंनी अकरा वर्षं बांधकामावर विटा वाहिल्या. मग कंबरेनं दगा दिला, आणि ओळखीनं एका चित्रकलेच्या वर्गात झाडलोटीचं काम मिळालं. तिथं शिकवणाऱ्या महिपती सरांनी आठवड्याभरातच विचारलं, "कौशल्याबाई, रोज दोन तास नुसतं बसाल का? मुलं तुमचं चित्र काढतील. त्याची वेगळी मजुरी मिळेल."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं. हलायचं मात्र नाही."

घरी नवरा, नागोराव, हसला. बसायची मजुरी कोण देतं? दुसऱ्या दिवशी नागोराव स्वतःच वर्गात येऊन मागच्या बाकावर तासभर बसून राहिला. निघताना एवढंच म्हणाला, "पदर नीट घे. पोरांना नाक जमतंय, पदर जमत नाही."

अशा त्या सव्वीस वर्षं बसल्या.

महिपती सर तऱ्हेवाईक. बँकेतली नोकरी सोडलेली, आणि कलादालनाची पायरी चढायची नाही हा हट्ट. एकदा त्यांनी मंडईत गाळ्यांच्या ताडपत्र्यांना चित्रं टांगली. भाजीवाल्यांनी दुपारपर्यंत कौतुकानं ठेवू दिली, मग भोपळ्यांचा टेंपो आला तशी उतरवायला लावली. एका अनियतकालिकात ते बड्या लोकांची टर उडवणारी व्यंगचित्रं काढत. कौशल्याबाईंना त्यातलं फारसं कळत नसे. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की आपली पाठ आखडली की सर न सांगता ओळखतात आणि मुलांवर ओरडतात, "कोळशाच्या कांड्या खाली ठेवा! बाईंना चहा आणा."

सर गेले त्याला चार वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात नीरजा नावाची एक लेखिका पत्ता शोधत कौशल्याबाईंच्या धायरीच्या घरी आली. ती सरांचं चरित्र लिहीत होती. तिनं लॅपटॉपवर सरांचं सर्वांत गाजलेलं चित्र उघडलं. भिंतीला टेकलेली बाई, मांडीवर उघडे तळवे. खाली नाव होतं, 'थकवा'.

"तुमचं सगळं सोसणं यात दिसतं," नीरजा म्हणाली. "सरांनी इतकी वर्षं तुम्हाला बसवलं आणि नाव कुठेच दिलं नाही. तुम्हाला राग नाही येत?"

कौशल्याबाई चित्र न्याहाळत राहिल्या. "हे 'थकवा' कुणी लिहिलं?"

"सर गेल्यावर प्रदर्शन भरलं, त्या लोकांनी दिलं असावं."

"तरीच. थकलेली कुठाय ती? बसलेली आहे." मग त्या सावकाश सांगू लागल्या. "बाई, माझ्या आईला मी कधी बसलेलं पाहिलं नाही. मलाही कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, कामावर तर नाहीच. त्या दोन तासांत मला कुणी पाणी मागायचं नाही की हाक मारायचं नाही. जिवाला निवांतपणा काय असतो ते मला सरांमुळे कळलं. त्यांचा राग कसा धरू? नाव घातलं नाही, ते मात्र चुकलंच त्यांचं. ते लिहा तुम्ही."

नीरजा ओशाळली. "मी प्रकरणाचं नाव 'मुकी बाई' ठरवून आले होते."

"मुकी?" कौशल्याबाई खो खो हसल्या. "अहो, माझ्या बडबडीला सर वैतागायचे! म्हणायचे, आज ओठ काढायचेत, कृपा करून गप्प राहा."

नीरजा आणखी तीन दुपारी आली आणि ते प्रकरण तिनं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं. पुस्तक जानेवारीत निघालं. कौशल्याबाईंची नात राजनंदिनी हिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या चित्राखाली आता कौशल्या नागोराव ढगे असं पूर्ण नाव होतं, आणि चित्राचं नाव त्यांना का मान्य नाही, तेही त्यांच्याच शब्दांत छापलं होतं. कौशल्याबाईंनी दोन वेळा ऐकलं. "सर, आता झालं बरोबर," त्या पुटपुटल्या आणि पदरानं डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन त्या वर्गात गेल्या. तिथं हल्ली रतन नावाची एक बाई बसते. मधल्या सुट्टीत तिला सरांची चित्रं दाखवता दाखवता कौशल्याबाई म्हणाल्या, "डावा पाय असा दुमडून बसत जा. मुंग्या येत नाहीत. आणि चहा आला की गरम असतानाच पी, तो तुझ्यासाठीच असतो."