बुगडीचं भोक

आक्काताई आमच्या कळंब्यातल्या शेजारीण. नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाच्या दारात सगळ्यांत आधी उभ्या राहणार त्याच, आणि गॅसवाल्याशी भांडून गल्लीभरच्या टाक्या उतरवून घेणार त्याही त्याच. पण लेकीच्या वणापुढं या बाईचं काही चाललं नाही.

लेक म्हणजे अक्षता. थायरॉईडचं ऑपरेशन झालं तेव्हा गळ्यावर बारीक रेघ राहील, असं सांगितलं होतं. टाके निघाले आणि ती रेघ फुगायला लागली. लाल, ताठ, गांडुळासारखी. खाज अशी की पोरगी झोपेत ओरबाडायची. आक्काताईंनी हळद लावली, कोरफड लावली, कुणी सांगितलं म्हणून नृसिंहवाडीचा अंगारासुद्धा लावला. शेवटी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. त्या म्हणाल्या, काहींच्या कातडीला जखम भरताना थांबायचं कळत नाही. नुसतं कापून काढलं तर वण पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो. मग दर महिन्याला त्या वणातच इंजेक्शन आणि घरी सिलिकॉनची पट्टी. सुई आत शिरताना अक्षता आईचं मनगट धरायची, ते दुसऱ्या दिवशीही हिरवंनिळं दिसायचं.

"माझंच कातडं गेलंय तिच्याकडं," आक्काताई म्हणायच्या. लहानपणी लस टोचलेल्या त्यांच्या दंडावर सुपारीएवढी गाठ आहे.

डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं, या मुलीला आता विनाकारण सुई लावायची नाही. कुठं नवीन टोचणं नको, गोंदणं नको.

दीडेक वर्षानं वण बसला. गेला नाही, पण चपटा आणि फिका झाला. अक्षता ओढणी न गुंडाळता बँकेत नोकरीवर जायला लागली. त्याच सुमारास गडमुडशिंगीचं स्थळ आलं. मुलगा राजवीर, शांत. त्याच्या आईनं, चिमणाबाईंनी, गळ्याकडं एकदाच बघितलं. "आपरेशनचाच हाय न्हवं? मग त्यात काय!" आणि पोह्यांची बशी पुढं ओढली. त्या संध्याकाळी आक्काताई माझ्या स्वयंपाकघरात बसून पोटभर रडल्या. आनंदानं.

साखरपुड्याला चिमणाबाईंनी एक डबी उघडली. आत मोत्यांची बुगडी. ही कानाच्या वरच्या कडेला घालतात, तिथं वेगळं टोचावं लागतं.

"माझ्या सासूच्या सासूची हाय. आमच्यात सून बुगडी घालूनच मांडवात येती."

आक्काताई चाचरल्या. "इहिणबाई, दाबाची करून घेऊया का? टोचायला डॉक्टर नको म्हणत्यात."

"दाबाची? ती नाटकात घालत्यात ओ! अन् कान टोचायला डॉक्टरला कवापास्नं इचारायला लागलासा?"

सगळे हसले. चिमणाबाईंनी हसतच अक्षताच्या गालावरून हात फिरवला.

घरी आल्यावर मायलेकींचं जुंपलं. मी साखरपुड्याची भांडी परत द्यायला गेले होते, ती हातात घेऊन तशीच उभी.

"आई, त्यांनी माझ्या गळ्याला एका शब्दानंही नाव ठेवलं नाही," अक्षता म्हणाली. "आणि मी एवढ्याशा भोकासाठी त्यांना नाही म्हणू?"

आक्काताईंनी माझ्याकडं बघितलं. मी भांडी ओट्यावर नेऊन ठेवली.

गुजरीत सोनाराकडं कान टोचला. लग्नात बुगडी फार शोभली, खोटं कशाला बोलू.

पंचमीला अक्षता माहेरी आली ती एका बाजूचे केस कानावर ओढून. आक्काताईंनी केस सारले. भोकाच्या जागी बोराएवढी गुळगुळीत, लालसर गाठ होती.

चिमणाबाईंनाही मनापासून वाईट वाटलं होतं. "माझ्या हौसेपायी पोरीला झालं," म्हणत त्यांनीच एक डॉक्टर शोधला. अर्ध्या तासात कापून मोकळं करतो म्हणाला होता.

आक्काताईंनी फोन लावला. "इहिणबाई, नुसतं कापू नगासा. दुप्पट येतंय ते. आधीच्या डॉक्टरीणबाईंना तरी दाखवूया."

"तुम्ही काळजी करू नगासा. माझी लेकच हाय की ती!"

रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. या बोलण्याशी कसं भांडणार? जावई म्हणाले, डॉक्टर काही होत नाही म्हणालेत. अक्षता म्हणाली, "आई, मी कुणाकुणाला समजावू? होऊ दे."

गाठ कापायच्या दिवशी मी आक्काताईंबरोबर दवाखान्यात गेले. नर्स दारात येऊन म्हणाली, "घरचं एकच माणूस आत." दोघी विहिणी उठल्या. चिमणाबाईंचा हात आधीच अक्षताच्या पाठीवर होता. आक्काताई खाली बसल्या.

"जा की! सांगा, मी आई आहे," मी म्हटलं.

"ती त्यास्नी बी आईच म्हणती, वैनी."

थोड्या वेळानं चिमणाबाई हसत बाहेर आल्या. "मोकळी झाली पोरगी!" मागं अक्षता, कानाला पांढरी पट्टी. आक्काताईंनी डॉक्टरांना गाठून इंजेक्शनचं विचारलं. "टाके निघू देत, मग बघू," म्हणत ते पुढच्या पेशंटकडं गेले. लेक सासूबरोबर गाडीत बसली, आम्ही रिक्षा केली.

रंकाळा तलावापाशी आक्काताई म्हणाल्या, "गाठ परत किती दिवसांनी दिसाया लागंल ओ?"

"या वेळी येणारही नाही कदाचित," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि स्वतःच्या दंडावरची गाठ चाचपत बसल्या.