डोमाचा दुसरा बाप्तिस्मा

डोमा ढिवराचा डोंगा दिसायच्या आधी त्याची शिवी ऐकू यायची. गोंडपिपरीकडून कुणी पलीकडे जायला वैनगंगेच्या घाटावर उतरलं, की पाण्यावरून आवाज यायचा, "अबे वाघानं हुंगून सोडलेल्या, गठुडं मधात ठेव! डोंगा कलते!" जाड्या माणसाला वेगळी शिवी, घाईवाल्याला वेगळी. बाजाराला निघालेल्या बाया पदरात तोंड खुपसून हसायच्या, आणि ज्याला बसली तो घरी जाऊन ती अशी सांगायचा, जणू मानाचा फेटाच मिळाला.

डोंग्याच्या एका टोकाला डोमा, दुसऱ्या टोकाला थोरला भाऊ मुखरू. आईबाप लवकर गेले. मुखरूनंच डोमाला वाढवलं, पोहायला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. मुखरू बोलायचा कमी. दोघांच्या वाटणीचं डोमाच बोलून टाकायचा.

त्रेपन्न साली डोमाची बायको मनकर्णा तापानं मिशनच्या दवाखान्यात पडली. तिथे शमुवेल पाळक भेटले. नगरकडचे, सायकलवर हिंडणारे, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरून "खचित, डोमा, खचित!" म्हणणारे. मनकर्णा बरी झाली, तरी डोमा त्यांच्याकडे जातच राहिला. ऐकायचा, विचारायचा, वाद घालायचा. दोन पावसाळे गेल्यावर म्हणाला, "बाबा, तुमचा येशू मले पटला. मासोळ्या मारणाऱ्याइच्या संगं फिरे, म्हणजे आपलाच माणूस."

वैशाखात नदी बारीक झाली तेव्हा नवराबायकोनं बाप्तिस्मा घेतला. पाळकांना पोहता येत नव्हतं. "तिकडं नका, बाबा, तिथी डोह हाय! माया हात धरा, सोडू नका!" असं करत डोमानं आधी त्यांना नीट उभं केलं, आणि मग त्यांनी त्याला पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं बुडवलं. काठावर बसलेला मुखरू म्हणाला, "कोण कोणाले बुडवून राह्यलं, समजूनच नाई राह्यलं."

डोमा वर आला तो रडतच. सारा जन्म पाण्यात गेला होता, पण पाण्यातून वर येताना कुणीतरी आपल्याला 'तू माझा' म्हणालं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

मग घाट मुका झाला. डोमा आता "भाऊ, गठुडं जरा मधात ठेवता का?" असं म्हणायला लागला. लोक कासावीस. "डोमाभाऊ, एखादी तरी द्या न! बाजार गोड नाई लागत." डोमा ओठ आवळून बांबू रेटायचा.

पण जीभच ती. एका बाजाराच्या दिवशी डोंगा वाळूत रुतला, आणि मुखरू वैतागून बोलून गेला, "बाटग्या, तुया देवालेच सांग ढकलाले!" झालं. डोमाचं साठलेलं सगळं एकदम सुटलं. वाघ झाला, मगर झाली, मसण झालं, आणि सरतेशेवटी तोंडातून निघालं, "तू माया मायच्या पोटचा नाईच!"

डोंग्यातलं हसू विझलं. मुखरूनं बांबू आडवा ठेवला, गुडघाभर पाण्यातून चालत काठाला लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून घाटावर आलाच नाही.

डोमाची झोप उडाली. त्याच्या घराची रीत अशी, की मयतीहून आलं की आंघोळ, सुतक फिटलं की आंघोळ, ग्रहण सुटलं की आंघोळ. बाटलं की पाणी, हे आज्यापणज्यापासून ठरलेलं. बाप्तिस्मा मळला, तर तोही परत धुवायला नको? रविवारी तो खांद्यावर कोरडं धोतर टाकून पाळकांच्या दारात उभा राहिला. मागे मनकर्णा.

"घ्या बाबा, परत एकडाव बुडवा."

पाळकांनी घसा खाकरला. "बाप्तिस्मा पुन्हा होत नसतो, डोमा."

"काऊन? नदीत पाणी कमी हाय का?"

"खचित नाही. पण मला सांग, मनकर्णेशी भांडलास, की परत बाशिंग बांधतोस का?"

"रोजच बांधा लागन मंग, बाबा!" मनकर्णा मागून फिसकन हसली.

"तसंच हे. बायको भांडणानं परकी होत नाही, आणि देवानं माझा म्हटलेला माणूस एका शिवीनं त्याला परका होत नाही. तू त्याचाच आहेस. म्हणून तर आता त्याच्या माणसासारखं वागायचं. तुला नदीवर जायचं नाही. मुखरूकडे जायचं आहे."

डोमाचा चेहरा पडला. "बाबा, त्याच्याहून बुडवणं सोपं हाय."

संध्याकाळी मुखरू अंगणात जाळं विणत बसला होता. डोमा समोर उभा राहिला. ज्याला प्रत्येकासाठी शब्द सुचायचा, त्याला आज एक सुचेना.

"दादा," शेवटी निघालं, "मायवरून बोललो ते... चुकलो मी."

मुखरूनं दोन गाठी मारल्या. "देवानं धाडलं का मनकर्णानं?"

"दोघाइनं."

मुखरूनं जाळं खाली ठेवलं. "लहानपणापासून आपण किती भांडलो बे. दर खेपी मीच आलो तुया दारी. तू आज पहिल्यांदा आला." आणि घराकडे तोंड करून ओरडला, "रुखमा, वाढ याले!"

रुखमाबाई दारात घुटमळली. दीर आता दुसऱ्या धर्माचा. घरच्या ताटात वाढावं की पानावर? तिनं भीतभीत पळसाचं पान काढलं. मुखरूनं ते पाहिलं आणि आपलंच ताट मधोमध सरकवलं. भात आणि मासोळीचा रस्सा.

"पण सांगून ठेवतो, मी तुया पाण्यात उतरणार नाई."

"नको उतरू. डोंग्यात बस."

डोमानं हात जोडून डोळे मिटले. मुखरूचा घास हवेतच थांबला.

"बापा," डोमा पुटपुटला, "माया दादा होता तसाच परत देला, तुये लई उपकार."

"होता तसाच म्हंजे?" मुखरू गुरगुरला. "जेव आता. रस्सा थंडा होऊन राह्यला."