काकांचा कलागौरव

माझे काका नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. शहराचे कलापुरस्कार जाहीर झाले, की ते दरवर्षी बनियनवर बसून निवड समितीची सालटी काढायचे. "आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय," म्हणायचे.

गेल्या वर्षी पुरस्काराचा फोन त्यांनाच आला. "वेळ मिळाला तर येतो," असं तोऱ्यात सांगून त्यांनी फोन ठेवला आणि त्याच दुपारी कोट शिवायला टाकला.

सोहळ्यात समितीच्या अध्यक्षांनी त्यांची ओळख 'थोर व्हायोलिनवादक' अशी करून दिली. "आता हे माइक हिसकावणार बघ," काकू माझ्या कानाशी पुटपुटली. काका मात्र कमरेत वाकले आणि स्मृतिचिन्ह छातीशी धरून फोटोसाठी दोनदा हसले.

घरी जाताना मी विचारलं, "काका, चूक का नाही सांगितली?"

"मोठी माणसं ती. त्यांच्यामागे हजार व्याप असतात."

"उद्या ढोलकरी म्हणाले तरी मान डोलवाल," काकू म्हणाली.

यंदा काका स्वतःच समितीवर गेले. अध्यक्षांच्या सुनेचं नाव चित्रकलेसाठी त्यांनीच सुचवलं. तिचं एकही चित्र त्यांनी पाहिलेलं नाही. काकूने कोटाला इस्त्री करून दिली, पण सोहळ्याला गेली नाही.