कडक ताईंचं क्लॅरिनेट

दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे कडक ताई म्हणत. चादरी कडक, बोलणंही कडक. पण नवरा गेला आणि वर्षभरात ताईंना उभ्या उभ्या डुलक्या येऊ लागल्या. एकदा डोळा लागला आणि इस्त्रीखालची चादर करपली. मुकादम एक शब्द बोलला नाही, तेच ताईंना लागलं.

सोबतीला राहायला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, तू घोरतेस ते चालेल. पण घोरता घोरता एकदम गप्प होतेस. श्वासच नसतो. माझा जीव टांगणीला लागतो."

"तुझ्या भावाने कधी तक्रार केली नाही."

"तो काय तक्रार करणार? जन्म बँडमध्ये गेला त्याचा."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. झोपेत घसा सैल पडून श्वास अडकत होता, पण आजार फार वाढलेला नव्हता. वजन उतरवा, कुशीवर झोपा, असं सांगून त्या म्हणाल्या, "रोज एखादं फुंकायचं वाद्य वाजवलं तर घशाला बळ येतं. काहींना गुण येतो. घरात आहे का काही?"

"आहे," ताई म्हणाल्या.

नवऱ्याचं क्लॅरिनेट कपाटातून बाहेर निघालं. तोंडाशी धरायच्या जागी त्याच्या दातांच्या खुणा होत्या. ताईंचे दात तिथे बसेनात, म्हणून त्या जरा बाजूला धरत. आधी नुसती हवा, मग रेडकू रेकावं तसा आवाज. नणंद कानात बोटं घालून बसे, पण थांब म्हणाली नाही.

काही महिन्यांत डुलक्या गेल्या. तपासणीतही सुधारणा दिसली. ताईंचा चेहरा मात्र उतरलेलाच.

"आता काय बिनसलं?" नणंदेने चहा पिताना विचारलं.

"श्वास अडकला की हे मला खांद्याला धरून हलवायचे. 'कुशीवर हो' म्हणायचे. हे गेल्यावरही झोपेत तसाच हात लागायचा. दचकून जाग यायची." ताईंनी कप खाली ठेवला. "आता नाही लागत."

"वहिनी, तो आजार होता."

"कळतं गं मला."

तरीही नंतर बरेच दिवस त्यांनी क्लॅरिनेटला हात लावला नाही. डुलक्या परत आल्या. खांद्यावरचा तो हात मात्र आला नाही.

एका सकाळी नणंदेने वाद्य जोडून त्यांच्यासमोर ठेवलं. "भाऊ गेला. आता तुझ्यासाठी रडायला लावू नकोस मला."

ताईंनी ते उचललं.

हल्ली त्या जेवणाच्या सुट्टीत धोबीखान्यातच वाजवतात. बायका विचारतात, "ताई, गाणं कुठलं?"

"गाणं कसलं? औषध आहे," त्या म्हणतात. मग नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींच्या गरम ढिगाला पाठ टेकून, डोळे मिटून, दम असेपर्यंत एकच सूर धरून ठेवतात.