‘हे आधी कोण म्हणालं?’ असं विचारणाऱ्या खोब्रागडे मॅडम

खोब्रागडे मॅडमची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली नाही. ती पांढरकवड्याला आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात झाली, आणि त्या वेळी माझी पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाबद्दल जाणकार लिहितीलच. मी त्या एका दुपारीबद्दल लिहिते, कारण आज मी मानसशास्त्र शिकवते ती त्या दुपारीमुळे.

मी कोलाम समाजातली. आमचं पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, जंगलाच्या कडेला. अकरावीसाठी मी वसतिगृहात आले आणि तिथं रमले. रविवारी अंगणात एकमेकींच्या वेण्या घालणं, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत पाठांतर करणं, पिठलं असलं की ताटं घेऊन आधीच ओळीत जाऊन बसणं, हे सगळं आजही आठवलं की मन तिकडं ओढ घेतं. आमच्यात पुष्पा नावाची एक मुलगी होती. आवाज फार गोड. ती सुट्टीत गावी गेली आणि तापानं तिथंच वारली. वॉर्डनबाईंनी आम्हाला एकत्र बसवून सांगितलं, “तिचं नाव काढायचं नाही. पोरी भेतात.” आम्ही नाव काढलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळच्या प्रार्थनेत संगीता चक्कर येऊन पडली. हातपाय वाकडे झाले, दातखिळी बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या दोघी पडल्या. मग रोज कोणी ना कोणी पडू लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. तेव्हा कुजबूज सुरू झाली. माझी आजी पोडावर झाडपाल्याची औषधं देते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यातून ‘हिच्या नजरेनं होते’ असं माझ्याबद्दल निघालं. माझ्याजवळचं अंथरूण सरकलं. मी भरलेल्या माठातलं पाणी कोणी घेईना. माझी जिवाभावाची मैत्रीणही मान वळवून जाऊ लागली. शेवटी संस्थेचे अध्यक्ष आले आणि त्यांनी निर्णय दिला, “या पोरीले घरी धाडून द्या, अन् भगताले बोलवा.” वॉर्डनबाईंनी माझी पेटी भरली.

त्याच दुपारी मॅडम आल्या. डॉक्टरांनीच त्यांना निरोप धाडला होता. कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत, एवढीच त्यांची आम्हाला माहिती. आल्या आल्या त्यांनी मुलींचा घोळका मोडला. एकेकीला व्हरांड्यात बोलावलं, शेजारी बसवलं आणि हळू आवाजात विचारलं. मलाही बोलावलं. मला वाटलं, आजीबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, “जेवली का तू?” मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. मला रडू आलं. त्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

मग त्या सगळ्यांना घेऊन अंगणात आल्या. अध्यक्ष खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, इतक्या पोरी म्हणून राह्यल्या, ते का खोटं असन?”

मॅडम म्हणाल्या, “पोरी खोटं नाही बोलत साहेब. पडतात त्या खऱ्याच पडतात. मले फक्त एवढं सांगा, नजरेचं हे आधी कोण म्हणालं?”

एकीनं दुसरीकडं पाहिलं. दुसरी म्हणाली, मला तिनं सांगितलं. तिनं आणखी तिसरीचं नाव घेतलं. असं होत होत ते संगीतापर्यंत आलं. संगीता उभी राहिली. म्हणाली, “म्या काहीच नाही पाह्यलं जी. सगळ्या म्हणून राह्यल्या होत्या, म्हणून म्याही म्हणलं.”

मॅडमनी मला पाणी आणायला सांगितलं. मी माठातून तांब्या भरून आणला. त्या प्याल्या. तांब्या संगीतापुढं धरत इतकंच म्हणाल्या, “माझ्या आजीच्या हातचंही लोक घेत नव्हते, बाई.” संगीता प्याली. तिच्यामागून एकेक जण पुढं आली. ज्या ओढीनं सगळ्या माझ्यापासून लांब गेल्या होत्या, त्याच ओढीनं परत आल्या. हे मला पुढं अभ्यासातून कळलं. त्या दिवशी मी फक्त तांब्या पुन्हा पुन्हा भरून आणत राहिले.

“आता पुष्पाचं सांगा,” मॅडम म्हणाल्या. वॉर्डनबाई दचकल्या. कोणीतरी तिचं गाणं आठवलं, कोणी तिचं हसणं, आणि बघता बघता सगळं अंगण हुंदके देऊ लागलं. तो आमचा राहून गेलेला शोक होता. अध्यक्ष उठून गाडीकडं गेले. जाताना वॉर्डनबाईंना म्हणाले, “पेटी आत ठेवा.”

मुलींचं पडणं एका दिवसात थांबलं नाही. पण मॅडम येत राहिल्या. कोणी पडलं की भोवती गर्दी करायची नाही, सावलीत निजवायचं, एकीनंच जवळ बसायचं, हे त्यांनी शिकवलं. हळूहळू ते ओसरलं.

वॉर्डनबाईंवर माझा फार राग होता. पुढं मॅडमची विद्यार्थिनी झाल्यावर एकदा मी तो बोलून दाखवला. मॅडम म्हणाल्या, “तिच्या डोक्यावर अध्यक्ष होते अन् पुढ्यात पडणाऱ्या पोरी. त्या जागी उभी राहून पाह्य, मग रागाव.” माणसाला त्याच्या जागेसकट पाहायचं, हे त्यांच्याकडून शिकले. त्या वॉर्डनबाई आजारी पडल्या तेव्हा डबा घेऊन जाणाऱ्याही मॅडमच होत्या. त्या एकदा आमच्या पोडावर आल्या, आजीजवळ जमिनीवर बसल्या आणि गुडघ्यासाठी पाला मागून घेतला. आजी कितीतरी दिवस पोडभर सांगत होती, कॉलेजच्या बाई माझं औषध घेऊन गेल्या म्हणून.

संगीता आज मारेगावला शिक्षिका आहे. आम्ही भेटलो की त्या अंगणाचा विषय निघतो आणि दोघींचे डोळे भरतात. ते वसतिगृह पाडून आता तिथं दुकानांची रांग झाली आहे.

परवा गौरव समितीच्या बैठकीला मॅडमना आग्रहानं नेलं. बँड, मिरवणूक, फेटे, सगळं एकमतानं ठरलं होतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “एकही जण ‘नाही’ म्हणाला नाही? मग तुम्ही विचार काहून नाही केला?” मिरवणूक रद्द झाली.

मॅडम, तुमचे गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, शंभरी तुम्ही सहज ओलांडा. आम्ही सगळे जेव्हा जेव्हा एकदम माना डोलवू, तेव्हा आमच्यात बसून ‘नाही’ म्हणायला तुम्ही असा.