कुशी बदलल्याची नोंद

"हा बेडसोर आजचा नाही," मिरजेचे डॉक्टर म्हणाले.

बेडसोर म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने होणारी जखम. त्यांनी आईला कुशीवर धरलं होतं. माकडहाडावर तळहाताएवढी काळी जागा होती. त्यांनी माझ्या हातातला तक्ता घेतला, वाचला. "कागदावर तर दर दोन तासांनी कूस बदललेली आहे."

मी तक्ता परत घेऊन त्याची घडी घातली.

त्याच्या तीन महिने आधी आईला स्ट्रोक झाला होता, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडकला होता. डावी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. कोरेगावहून तिला सांगलीला माझ्या घरी आणलं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, आता औषधापेक्षा सेवा महत्त्वाची. म्हणून घरी सेवेला माणूस पाठवणाऱ्या एका ब्यूरोकडून शेवंताबाई आल्या. सकाळी आठ ते रात्री आठ त्या. रात्र माझी.

ब्यूरोचा छापील तक्ता भिंतीला टांगलेला असे. दर दोन तासांना एक चौकोन. डावी कूस, उजवी कूस, उताणी. समोर सही. शनिवारी ब्यूरोच्या सिस्टर येऊन तो तपासत आणि त्यावरून बाईंना अ, ब, क अशी श्रेणी देत. अ वाल्यांना आधी काम मिळे. मिरजेचे दवाखानेही त्या श्रेण्या बघूनच पेशंट ब्यूरोकडे पाठवत.

शेवंताबाई कूस बदलायला आल्या की आई म्हणायची, "आली बघा. मला चपातीगत उलथतीया."

"करपू नये म्हणून, आजी."

दोघी हसायच्या.

मी प्राथमिक शाळेत मास्तर. साहेब तपासणीला यायचे म्हटलं की मागच्या दोन महिन्यांची पाठांची टाचणं एका बैठकीत पूर्ण करायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात खोटं वाटतच नाही; रेकॉर्ड पूर्ण असावं, एवढंच. पहिला आठवडा मी गजर लावून उठलो. नंतर गजर बंद करून झोपू लागलो. सकाळी दाढी करण्याआधी रात्रीचे सहा चौकोन भरायचे. दोन वेगळी पेनं वापरायचो, म्हणजे एकदम लिहिल्यासारखं दिसू नये.

सिस्टर खूश होत्या. "मास्तर, तुमचा तक्ता मी बाकीच्या घरांना दाखवते." मला ते आवडलं होतं. लपवत नाही.

एका सकाळी शेवंताबाई आईचं अंग पुसताना म्हणाल्या, "पाठ लाल व्हाया लागलीया, मास्तर. रात्री फिरवता न्हवं?"

"फिरवतो की."

"न्हाई, मी आले की आजी उताण्याच असत्यात. रोज."

"सकाळी सहाचा चौकोन उताणाच आहे," मी म्हणालो आणि शाळेला गेलो.

त्यांनी शनिवारी सिस्टरना सांगितलं. सिस्टरनी तक्ता पाहिला. तो पूर्ण होता. "मास्तर खोटं कशाला लिहितील?" त्या म्हणाल्या आणि पावडर लावायला सांगून गेल्या.

मिरजेला नेल्यावर नवव्या दिवशी आई गेली. सेप्टिसीमिया, म्हणजे जखमेतलं विष रक्तात उतरलं. शेवटचे दोन दिवस ती मला ओळखत नव्हती.

ब्यूरोने शेवंताबाईंना क दिला आणि काम बंद केलं. त्याआधी सिस्टरनी मला विचारलंही होतं, "रात्रीचं तुमच्याकडे होतं ना?" मी म्हणालो, "तक्ता आहे की तुमच्याकडे."

तेराव्यानंतर शेवंताबाई आमच्याकडे राहिलेला डबा न्यायला आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"आजी म्हणायच्या, लेकाला उठवू नगासा, सकाळी शाळा असती त्याला. रात्री दुखलं तरी मी हाक मारत न्हाई म्हणायच्या. मी ते कुणाला बोलले न्हाई. तुमी तरी खरं बोलायचं हुतं, मास्तर."

डबा घेऊन त्या गेल्या.

मला आणखी चार महिने लागले. मग एका शनिवारी ब्यूरोत गेलो, सगळे तक्ते मागून घेतले आणि पहिला आठवडा सोडून रात्रीच्या प्रत्येक चौकोनावर काट मारून सही केली. सिस्टरनी विचारलं,

"आता ह्याचा काय उपयोग?"

"तो क माझा आहे. बाईंचा नाही."

त्या म्हणाल्या, "मीही पाठ बघितली नाही. कागदच बघत राहिले."

आता त्या ब्यूरोत शनिवारी आधी पेशंटची पाठ बघतात, मग तक्ता. रिकाम्या चौकोनामुळे श्रेणी कमी होत नाही; रात्री घरच्यांना झेपत नाही असं समजून माणूस पाठवतात. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर एवढंच सांगतो: झोप लागली, तर चौकोन रिकामा सोडा. रिकामा चौकोन बघून मदत येते; खोटा भरलेला बघून कुणी येत नाही.

शेवंताबाईंना पुन्हा काम मिळालं. माझ्या आईचं सगळं त्यांनी केलं, आणि त्यांचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. परवा गणपती पेठेत समोरून आल्या. मी हात जोडले. त्या थांबल्या नाहीत, आणि मी हाक मारली नाही.