दहावा दट्टा

दहाव्या भोकात दट्टा नव्हता. मुलं घरी गेली होती आणि मी कपाटापुढे चटईवर बसून त्या रिकाम्या भोकाकडे बघत होते.

दट्टापेटी म्हणजे लाकडाचा लांबट ठोकळा. त्यात दहा भोकं, प्रत्येकात नेमका बसणारा एकेक दट्टा, वर पितळेची बारकी मूठ. मूल सगळे दट्टे काढतं, मिसळतं, पुन्हा बसवतं. चुकलं तर शेवटचा दट्टा बसतच नाही. बाईंनी काही बोलायला नको, पेटीच चूक दाखवते. माँटेसरी पद्धत म्हणजे हेच, असं मी पालकांना मोठ्या ऐटीत सांगायची. हरवलेला दट्टा सगळ्यात लहान होता. पेन्सिलीएवढा जाड, सहज घशाखाली उतरेल असा.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचा बालवर्ग भरायचा. ट्रेनिंग संपवून मी नुकतीच लागले होते. आधी कपाट तपासायचं, मग मुलं सोडायची, हा नियम. पण त्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडबाई, वर्ग सुटायच्या आधीच पुण्याला निघाल्या. मदतनीस बाईही आल्या नव्हत्या. मी एकटी. गडबडीत नेमकं उलटं केलं.

चटया झटकल्या, कपाट सरकवलं, मोरीची जाळीसुद्धा काढली. नाही. पेटी शेवटी घेतली होती शालूने. साडेतीन वर्षांची पोर. खडू, बटण, जे हाताला लागेल ते तोंडात.

तशीच तिच्या चाळीत गेले. वडील मिलमध्ये, पाळीवर. घरात आई आणि आजी, दोघी मालवणी बोलणाऱ्या.

"शालू, छोटा दट्टा कुठे ठेवलास गं?"

"जागेवर."

"तोंडात घातला होतास?"

"हो. मग ठेवला."

"गिळलास का?"

"नाय. ठेवला ना!"

आजीने 'तोंडात' एवढंच ऐकलं आणि एरंडेलाची बाटली काढली. "काय असात ता भायर येतला," असं म्हणून तिने शालूचं नाक दाबलं आणि चमचा तोंडात रिकामा केला. आई मात्र पोरीला कवटाळून रडायलाच लागली. "बाई, माझ्या चेडवाक काय झाला तर?"

शालूला उचलून आम्ही स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, पोट दाबून पाहिलं. "श्वास नीट आहे. पोट मऊ आहे. पोट दुखलं किंवा उलटी झाली तर ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या. तोवर भात, केळी द्या आणि लक्ष ठेवा."

"एरंडेल दिलंय," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं होतं? पुन्हा अजिबात देऊ नका!"

आजीने सकाळी पुन्हा दिलं. तिचा त्या डॉक्टरवर काडीचा विश्वास नव्हता.

दोन दिवस असे गेले. वर्ग सुटला की मी धावत चाळीत. शालूची आई प्रत्येक वेळी तिची शी काडीने तपासायची, मी शेजारी उभी. काही नाही. म्हणजे अजून आतच आहे. आतडं फाटलं तर? या लोकांनी विश्वासाने पोर माझ्या हाती दिली होती. मला अन्न जाईना. शालूचं तोंड तर पार सुकून गेलं होतं. मी रोज विचारायची, ती रोज "ठेवला" म्हणायची. दुसऱ्या संध्याकाळी विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाई आल्या. मी दारातच रडत रडत सगळं सांगितलं. त्या हातातली पिशवी खाली ठेवायची विसरल्या.

"अगं, तो दट्टा मी नेला."

"तुम्ही?"

"निघताना सुताराकडे दिला. दुसरी पेटी करतोय ना तो. बारका दट्टा घडवताना फुटत होता, त्याला नमुना हवा होता."

"मग सांगायचं नाही का हो!" मी त्यांच्यावर ओरडले. त्याआधी त्यांच्यासमोर माझा आवाज कधी चढला नव्हता.

"घाईत राहिलं गं," त्या म्हणाल्या.

वर्ग मदतनीस बाईंवर सोपवून आम्ही दोघी चाळीत गेलो. मोठ्या बाई शालूसमोर जमिनीवर बसल्या. आई आणि आजी ऐकत होत्या.

"शालू, तू दट्टा जागेवरच ठेवला होतास. मी न सांगता नेला. चूक माझी झाली."

शालूने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, "तुमाला एरंडेल दिला?"

आजी बाटली घेऊन आत गेली.

शालू आठवडाभराने वर्गात आली. दट्टापेटीला मात्र तिने कितीतरी दिवस हात लावला नाही. पुढे मी पुष्कळ वर्षं शिकवलं. वस्तू सापडेनाशी झाली की आधी मोठ्यांना विचारायची. आणि मूल "ठेवला" म्हणालं, की दुसऱ्यांदा विचारायची नाही.